उघाडीची किल्ली

अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात मोठं वादळ झालं, त्यानंतरच्या फाल्गुनातली गोष्ट. मी तेव्हा कल्याणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, कोपरच्या पलीकडे खाडीकाठाने ज्या आठ-दहा वाड्या आहेत, तिथली बाळंतपणं, देवी काढणं, हिवतापाच्या गोळ्या वाटणं, हे सगळं माझ्याकडे होतं. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. घरी एकटी मुलगी, चित्रा. सकाळी तिची वेणी घालून निघायचं आणि दिवेलागणीला चिखलाने माखलेल्या चपला हातात घेऊन परत यायचं, असं चाललं होतं.

त्या फाल्गुनात दवाखान्यात छापील कागदांचा एक गठ्ठा आला. वादळात काठच्या गावांचं फार नुकसान झालं, तेव्हा संकट आलं तर काय करावं हे तिथल्या प्रौढ माणसांना कितपत कळतं याची पाहणी करायची होती. घरोघर जायचं, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला बारा प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘माहीत आहे’ किंवा ‘माहीत नाही’ यावर खूण करायची. डॉक्टर म्हणाले, “विमलाबाई, तुम्ही नाहीतरी फिरताच. जाता जाता उरकून टाका.”

जाता जाता उरकायचं काम म्हणजे एकशे बारा माणसं होती. ती नुसत्या आगरवाडीतली.

आगरवाडी खाडीला अगदी चिकटलेली. एका बाजूला खाडी, मध्ये मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या आत खाऱ्या जमिनीतली भातशेती आणि शेतीला लागून त्रेचाळीस घरं. मागे अर्ध्या मैलावर रेल्वेचा भराव. बांधात एके ठिकाणी दगडी मोरी होती, तिला गावात उघाडी म्हणत. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती आली की बंद करायची, खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. दिसायला सोपं. पण पावसाळ्यात दिवसातून दोनदा हे करावं लागे आणि एकदा चुकलं तर वर्षाचं भात गेलं. गावाने हे काम धाकूबाबांकडे दिलं होतं. त्यांच्या आधी त्यांच्या बापाकडे होतं.

मी धाकूबाबांच्या ओट्यावर पोचले तेव्हा सकाळपासूनचं ते एकोणिसावं घर होतं. ऊन रणरणत होतं. त्यांची सून सगुणा तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. तिने पाणी आणून दिलं. बाबा जाळं विणत बसले होते.

मी विचारलं, “गावात पाणी शिरलं तर काय कराल?”

त्यांनी हातातलं काम थांबवलं. “कुठला पानी?”

“कुठलं म्हणजे? पाणी. पूर.”

“नाय बाय, तसा नाय. उधानाचा पानी येगला, तो येतो नि सा घंट्यांनी जातो. पावसाचा पानी आतल्या आत भरतो, त्याला वाट द्यावी लागते. नदीचा पानी वरना येतो, लाल असतो, तो लवकर उतरत नाय. नि वाऱ्याचा पानी, तो आता कार्तिकात आल्ता तसा, त्याला टायम नाय. कुठला इचारता तुमी?”

कागदावर एवढीशी जागा होती. मी म्हटलं, “बाबा, माहीत आहे की नाही, तेवढंच सांगा.”

ते हसले. “पान्याचा कोनाला माहीत असतो? चारी एका दिसाला आले तं मंग काय करायचा, ते मलाबी माहीत नाय.”

मी ‘माहीत नाही’वर खूण केली. पुढच्या प्रश्नांनाही त्यांची उत्तरं अशीच लांबली. धोक्याची सूचना कुठून मिळते? तर खेकडे बांधावर चढतात तेव्हा, नाहीतर मुंग्या अंडी घेऊन निघतात तेव्हा. कागदावर ‘रेडिओ, चावडी, पोलीसपाटील’ असं छापलेलं होतं. मी खुणा करत गेले. बारापैकी अकरा ‘माहीत नाही’. खोटं लिहीत होते असं तेव्हा मनातही आलं नाही. अजून चोवीस घरं बाकी होती आणि पाय दुखत होते.

पाहणीबरोबर माहिती सांगायचीही होती. मी वडाखाली बायकांना जमवून सांगितलं: उंच जागी जावं, दिवा, दोर आणि कोरडा शिधा तयार ठेवावा, सामानाचा मोह धरू नये. कमळाबाई म्हणून एक बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. गावात मातीच्या जाड भिंतींचं आणि माळ्याचं घर त्यांचं एकट्याचं. त्यांनी ते सगळं तिथल्या तिथे पाठ करून मला म्हणून दाखवलं. मला फार बरं वाटलं. त्यांना बारापैकी बारा मिळाले. गावात तेवढ्या एकट्या.

दोन वर्षांनी, एक्कावन्नच्या उन्हाळ्यात, गावच्या नावाने एक सरकारी कागद आला. वाचता येणारा माणूस गावात नव्हता, म्हणून मी देवी काढायला गेले तेव्हा नाथाने, म्हणजे धाकूबाबांच्या मुलाने, तो माझ्याच हातात दिला. सगळे जमले. मी मोठ्याने वाचायला लागले. सदर गावातील प्रौढांपैकी बहुतेकांना आपत्तीसंबंधी ज्ञान नसल्याचे पाहणीत आढळून आले आहे, सबब बांध व उघाडी यांची देखरेख यापुढे सरकारी नोकराकडे राहील, अन्य कोणी उघाडीस हात लावल्यास कारवाई होईल.

ती पाहणी मी केलेली होती हे जमलेल्यांना माहीत होतं, पण कागदातल्या ओळीशी त्याचा संबंध त्यांनी लावला नाही. उलट बरेचजण खूशच झाले. दरवर्षी चैत्रात घरटी एक माणूस बांधावर माती घालायला जात असे, ते आता सुटणार होतं.

“सरकार करतंय तं करू दे,” गावातला भिवा म्हणाला. “आमच्या बापाचा काय जातंय?”

धाकूबाबांनी मला एवढंच विचारलं, “मानूस कुठचा येनार हाय?”

माणूस आला तो साताऱ्याकडचा होता. महिपत त्याचं नाव. खाडी त्याने आयुष्यात पहिल्यांदा इथेच पाहिली. माणूस सरळ, कामाला चोख. जुन्या लाकडी फळ्या जाऊन उघाडीला लोखंडी दार बसलं, वर फिरवायचं चाक आलं, चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप. किल्ली महिपतच्या कमरेला. त्याला भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक दिलेलं होतं. गावात राहायला जागा नव्हती, म्हणून तो डोंबिवलीला खोली करून राही आणि वेळापत्रक बघून चालत येई. पाऊस कितीही असो, येई. पहिली दोन वर्षं काही बिघडलं नाही. त्रेपन्नच्या पावसाळ्यात भिवाने एकदा महिपतची वाट न बघता दगडाने साखळी तोडली आणि शेतातलं पाणी सोडलं. त्याला चौकीवर नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. परत आला तो गप्प झालेला. त्यानंतर उघाडीकडे कोणी बघेनासं झालं. बांधावर खेकड्यांनी बिळं केली, पावसाने घळी पडल्या. लोक म्हणायचे, सांगू महिपतला. महिपत वर लिहून पाठवायचा. वरून काही यायचं नाही.

मी जायचे, यायचे. मला दिसत होतं. मी माझी कामं करत होते.

चोपन्नच्या श्रावणात अमावास्येच्या आदल्या तीन दिवसांत पाऊस असा लागला की कल्याणात आमच्या आळीत पाणी आलं. अमावास्येला पहाट फुटता फुटता आगरवाडीचा एक माणूस डोंबिवलीपर्यंत चालत आणि तिथून पहिल्या गाडीने माझ्याकडे आला. सगुणाला कळा लागल्या होत्या. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. या खेपेला मी स्वतः येईन असं तिला कबूल केलं होतं. चित्राला शेजारी सांगून मी निघाले. डोंबिवलीपासून खालची वाट गुडघाभर पाण्यात होती. आगरवाडीत पोचले तेव्हा सात वाजून गेले होते.

गावात शिरतानाच दिसलं, शेतं नव्हतीच. बांधापासून घरांपर्यंत एकच पाणी, त्यात भाताचे शेंडेही दिसत नव्हते. बांधावर उघाडीपाशी वीस-पंचवीस माणसं गोणपाटाच्या खोळी घेऊन नुसती उभी होती.

मी सगुणाजवळ गेले. अजून थोडा वेळ होता. पाणी तापत ठेवलं, हात धुतले. तेवढ्यात बाहेरून धाकूबाबांनी हाक मारली.

बाबा आता सत्तरीला टेकले होते. डोळ्यांवर पडदा आलेला, जवळचंही नीट दिसत नसे. काठी टेकत ओट्यावर आले होते, नखशिखांत भिजलेले.

“बाय, ओटीचा पानी उघाडीखाली जाऊन दोन घंटे झाले. उघाडी बंद हाय. महिपत आला नाय. नाथ्या साडेसाला भरावावरना किल्ली आनायला गेलाय.”

“मग येईलच नाथा.”

“कवा येल? नऊला पानी वलंल. तवर आतला पानी काडला पायजे. आज उधान हाय, वरना नदी आल्ये, दुपारी दोनाला भरती यवढी येनार.” त्यांनी काठी छातीपर्यंत वर नेली. “बांध दोनी अंगांनी भिजलाय. आत पानी, भायेर पानी. तो राहनार नाय. कुलूप तोडाया पायजे. मी बोललू त्यांना. कोन आयकत नाय. भिवा तं तोंड फिरवून उभा हाय.”

“मग मी काय करू, बाबा?”

“तुमी सरकारचे मानूस. तुमी नुसता बोला, तोडा. तुमी बोलल्या तं तोडतील.”

मला अजून तो क्षण लख्ख आठवतो. पागोळ्या गळत होत्या. आत सगुणा कण्हत होती. मी मनात हिशेब केला: नाथा साडेसहाला गेला, जायला तास, यायला तास. साडेआठपर्यंत येईल. माझं खातं वेगळं. उद्या कोणी विचारलं, नर्सबाईंनी कुणाच्या हुकमाने कुलूप तोडायला लावलं, तर काय सांगू? नोकरी गेली तर चित्राला घेऊन कुठे जाऊ?

“थोडं थांबू या,” मी म्हणाले. “नाथा येतोच आहे.”

धाकूबाबा माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, “बरा.” आणि वळून काठी टेकत बांधाकडे गेले.

सगुणाची मुलगी पावणेदहाला झाली. पायाळू होती, मला घाम फुटला होता. पण झाली, रडली, आणि सगुणा हसली. मी नाळ बांधून बाहेर आले तर नाथा आणि महिपत दोघेही बांधावर पोचत होते. मी तशीच तिकडे गेले. महिपत तापाने फणफणला होता. दोन दिवस अंथरुणात होता, सकाळी उठवेना म्हणून आला नव्हता. नाथा पोचल्यावर तो त्याला किल्ली देऊन मोकळा झाला असता, पण नेमलेल्या माणसाशिवाय किल्ली कोणाला देऊ नये असा नियम होता, म्हणून तो स्वतः निघाला, आणि त्या अवस्थेत त्याला चालवेना. वाटेत नाथाने त्याला पाठीवर घेतलं होतं.

महिपतने कुलूप काढलं. तरणी पोरं पुढे झाली. “उघडा, उघडा! पानी जाऊ दे!” दोघांनी चाकाला हात घातलासुद्धा.

“हात काडा!” धाकूबाबा ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “भरती लागल्ये! आता उगडला तं खाडी घरात येल. बगा खाली, पानी कुठं धावतंय!”

सगळे वाकून बघायला लागले. खाडीचं लाल पाणी उघाडीच्या दगडांवर आतल्या दिशेने थापा मारत होतं. पोरांनी हात काढले. तीन-चार वर्षांत ती उघाडी उघडायची कधी आणि बंद करायची कधी हे ती विसरून गेली होती. काहींना तर ते कधी कळलंच नव्हतं.

महिपत खाली बसला. “बाबा, माझ्यामुळं झालं,” तो म्हणाला.

“तुज्यामुलं नाय,” धाकूबाबा म्हणाले. “आता बोलत बसू नका. मानसं उठवा. ढोरं सोडा. भरावावर चला सगलीं. आताच.”

पुढचे दोन तास मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. एक तासापूर्वी बाळंत झालेल्या बाईला हलवू नये हे मला शिकवलेलं होतं. मी तिला बाजेवर घेतलं, वरून घोंगडी टाकली, चौघांनी बाज खांद्यावर घेतली. बाळ मी पोटाशी धरलं, लुगड्याचा पदर वरून घट्ट बांधला. म्हाताऱ्या, पोरं, कोंबड्यांच्या टोपल्या, गुरं, सगळे कंबरभर पाण्यातून रेल्वेच्या भरावाकडे निघाले. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. सगळेच थकलेले होते, आणि पाऊस तोंडावर मारत होता.

कमळाबाई मात्र दारात उभ्या होत्या.

“चला, कमळाबाई!”

“कुठं चला? अठ्ठेचाळीसला यवढा तुफान झाला, तवा पानी माज्या उंबऱ्याशी येऊन थांबला. आत थेंब नाय आला. आख्खा गाव माज्या माल्यावर व्हता.”

“तेव्हा बांध फुटला नव्हता. आता फुटणार आहे, धाकूबाबा सांगतायत.”

“धाकूला दिसतंय काय?” त्या हसल्या. “नि तुमीच बोलल्या व्हत्या ना, उंच जागी जायाचा? माला उंच हाय. दिवा हाय, दोर हाय, सुका जवला नि तांदूल हाय. समदा तय्यार हाय. बगा पायजे तं वर चडून.”

खरंच होतं. सगळं तयार होतं. पाच वर्षं त्यांनी ते माळ्यावर नीट बांधून ठेवलं होतं. उंच जागा म्हणजे कशाच्या भरवशावरची उंच जागा, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या कागदावर ते नव्हतं.

मी हात धरून ओढायला पाहिजे होतं. पण पोटाशी बाळ होतं आणि बाज पुढे गेली होती. भिवाने त्यांचा दंड धरला, तर त्यांनी त्याला शिव्या देऊन झिडकारला. “पान्यात मला सोडून गेलात तं पाप लागंल का तुमाला? जा, जा! संद्याकाली या जेवायला.” तो आमच्या मागून आला.

भरावावरून आम्हाला सगळं दिसत होतं. दोन वाजायच्या सुमाराला उघाडीच्या डाव्या अंगाला बांधाचा एक तुकडा खचला. आवाज आला नाही. म्हणजे पावसात आम्हाला ऐकू आला नाही. नुसती बांधाची सरळ रेघ तिथे वाकडी झाली, मग तुटली. खाडी आत आली. कुडाची घरं आधी तिरपी झाली. कमळाबाईंचं घर बराच वेळ उभं होतं. भिवा म्हणत होता, “राह्यला, राह्यला, म्हातारीचा राह्यला.” मग त्या जाड भिंती पायातून विरघळल्या आणि छप्पर माळ्यासकट खाली बसलं.

भिवा उतरायला निघाला. तिघांनी त्याला धरून ठेवलं.

कमळाबाईंचं प्रेत दुसऱ्या दिवशी ओहोटीला मिळालं. बाकी सगळी, एकशे ऐंशीच्या वर माणसं, वाचली. लोक म्हणाले, देवाची कृपा. वर्तमानपत्रात काही आलं नसावं. त्या आठवड्यात सगळीकडेच पाणी होतं.

आम्ही पाच दिवस डोंबिवलीला एका शाळेत होतो. चौकशीला एक साहेब येऊन गेले. महिपतला विचारलं, नाथाला विचारलं, मला विचारलं. मी काय झालं ते सांगितलं. धाकूबाबांनी मला कुलूप तोडायला सांगायची विनंती केली होती आणि मी नाही म्हटलं, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, “बाई, तुमचा यात काय संबंध? तुम्ही बाळंतपणाला गेला होता.” आणि पुढचं लिहू लागले.

धाकूबाबांच्या तळपायाला भरावाच्या खडीने मोठी जखम झाली होती. चौथ्या दिवशी ती धुवून पट्टी बांधताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्या फाल्गुनात मी त्यांच्या नावापुढे काय लिहिलं ते. अकरा वेळा. आणि त्यावरूनच पुढचा हुकूम निघाला असणार, ते.

शाळेच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेजारच्या बाकावर सगुणा बाळाला पाजत होती; ती ऐकत होती, हे मला कळत होतं.

“तुमी दमल्या व्हत्या त्या दिशी,” धाकूबाबा शेवटी म्हणाले. “मी बगला व्हता. तुमचा पानीबी पिऊन झाला नव्हता, नि तुमी लिवायला लागल्या.”

“तेवढंच नव्हे हो ते.”

“नाय. तेवढंच नाय,” ते म्हणाले. मग पाय आखडून घेतला. “तुमी लिवलात, त्यांनी वाचला, आमी आयकला. माती घालायची सुटली म्हनून आमीच खूश झालू. मी पोरांना पान्याजवल न्यायचा सोडला. कुलूप काय, लोखंडाचा व्हता. दगुड पन गावातच व्हता.”

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. दोष कोणाचा किती हे मोजायचं त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं, इतकंच. माझ्यातही नव्हतं.

मी घरी जाऊन चार पानी पत्र लिहिलं. पाहणी कशी केली, काय चुकलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना काय ठाऊक आहे आणि तरण्यांना काय ठाऊक नाही, उंच जागी जा म्हणणं पुरेसं का नाही. चित्राने ते चांगल्या अक्षरात उतरवून काढलं. ठाण्याच्या कचेरीत पाठवलं. उत्तर आलं नाही. वर्षभराने उघाडीची दुसरी किल्ली गावात ठेवायची परवानगी मिळाली. पत्रामुळे मिळाली की आणखी कशामुळे, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

बांधाचं भगदाड मात्र गावाने कोणाची वाट न बघता बुजवलं. दिवाळीनंतर बायका-पुरुष मिळून माती टाकत होते. भिवा सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या नंतर जाई. एका रविवारी मीही गेले. पंधरा-वीस टोपल्या टाकल्यावर माझी कंबर धरली, तेव्हा बायकांनी मला बाजूला बसवलं. महिपतने आपली खोली सोडून गावातच झोपडी घातली होती. रोज संध्याकाळी तो धाकूबाबांचा हात धरून त्यांना बांधावर नेई. बाबा त्याला पाण्यात हात घालायला लावत, जिभेवर थेंब ठेवायला लावत आणि विचारत, “कुठला हाय?” तो बहुतेक वेळा चुके. छप्पन्नच्या वैशाखात बाबा वारले, तोवर तो थोडा कमी चुकायला लागला होता.

जमिनीत खार बसला तो तीन वर्षं गेला नाही. भात लावलं तरी पिवळं पडे. नाथासारखे बरेचजण कल्याणपलीकडे मोहन्याच्या कारखान्यात लागले. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. बांधावर आता पुरुषांपेक्षा बायकाच जास्त दिसत.

सत्तावन्नच्या मार्गशीर्षात मी गोळ्या वाटायला गेले होते. सगुणाची मुलगी, रतन, तीन वर्षांची झाली होती. शेताच्या कडेला खाराचे पांढरे पापुद्रे आले होते, ते ती नखाने काढून चाटत होती. सगुणाने तिच्या हातावर चापट मारली आणि मला म्हणाली, “बाय, बसा जरा. चा ठेवते.”

मला अजून दोन वाड्या करायच्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.